कॉम्पॅक्ट म्हणजे नक्की केवढी?

ग्रंथपालांनी गाडी घेण्याआधी तीन महिने अभ्यास केला होता, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे जे घडलं त्यावरून कुणाचाही तसा समज होणार नाही.

ज्या माणसाची सव्वीस वर्षं पुस्तकांना क्रमांक देण्यात गेली, तो गाड्यांनाही क्रमांक देणारच. त्यांनी एक जाड वही केली. वहीत रकाने आखले. सुरक्षितता, सीटची उंची, इंजिनाचा आवाज, बाटली ठेवायच्या जागा, सगळं आलं. इमारतीतल्या आपल्या सात नंबरच्या पार्किंगची रुंदी त्यांनी टेपने दोनदा मोजली. मग शोरूममध्ये जाऊन, विकणाऱ्यांच्या देखत, गुडघ्यांवर बसून गाडीची रुंदी मोजली. आरशांसकट. गाडी जागेत बसत होती. नुसती बसत नव्हती, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरत होती. तेव्हा मोजमापात चूक झाली असं कुणी म्हणू नये. फक्त, गाडीतून माणूस उतरतो, उतरायला दार उघडावं लागतं आणि त्या माणसाला पोट असतं, या तीन गोष्टींसाठी वहीत रकाना नव्हता.

गाडी घ्यायचं कारण आई. जुनी गाडी इतकी बसकी होती, की आईंचे गुडघे आखडल्यापासून त्यांना आत बसवणं म्हणजे कपाट जिन्यावरून उतरवण्यासारखं काम झालं होतं. बसताना ग्रंथपाल ढकलत, उतरताना बायको ओढे आणि आई दोघांनाही सूचना देत. डॉक्टर म्हणाल्या, उंच सीटची गाडी बघा. मेव्हणे म्हणाले, "भावोजी, आता घेताच आहात तर साधी कशाला? लक्झरी घ्या. कॉम्पॅक्ट एसयूव्ही. म्हणजे बाहेरून लहान आणि आतून मोठी." बाहेरून लहान आणि आतून मोठी ही गोष्ट ग्रंथपालांना मनापासून पटली. पुस्तकाची व्याख्याही ते तशीच करत.

रविवारी सकाळी गाडी आली. गडद निळी, चकचकीत. इमारतीच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर आईंना खुर्ची देऊन बसवलं होतं. गाडी जागेत घ्यायची म्हटल्यावर शेजारचे कॅप्टन आपण होऊन खाली उतरले. हे कॅप्टन खरोखरचे कॅप्टन. सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर झाली, आणि आता एकटेच राहत. आठ नंबरमध्ये त्यांची जुनी गाडी ताडपत्री पांघरून उभी असे. किती वर्षं, ते विचारायची कुणाची टाप नव्हती.

"डावीकडे घ्या! अजून! आता सरळ! हळू, हळू... बास! नांगर टाका!" कॅप्टनांनी हात वर केला.

गाडी अशी नेमकी बसली, की वरून टाळ्या पडल्या. ग्रंथपालांनी इंजिन बंद केलं, केसांवरून हात फिरवला, चेहऱ्यावर विनय आणला आणि दार उघडलं. दार चार बोटं उघडलं आणि खांबाला टेकलं. त्यांनी तोच विनय तसाच ठेवून दुसऱ्या बाजूला सरकून दार उघडलं. तेही चार बोटं उघडलं आणि कॅप्टनांच्या ताडपत्रीला टेकलं.

आता आत ग्रंथपाल, बाहेर अख्खी इमारत आणि मध्ये काच. ग्रंथपालांनी माहितीपुस्तक काढून वाचायला घेतलं. जणू गाडीत बसून दोन पानं वाचायचं आधीच ठरलेलं होतं.

"अहो, उतरा ना!" बायको म्हणाली.

"येतो. जरा बघतोय."

"काय बघताय?"

काय बघत होते ते थोड्या वेळाने सगळ्यांना कळलं. दोन सीटांच्या मधून त्यांनी आधी डोकं मागे नेलं, मग खांदे, मग बरीच खळखळ करून उरलेला भाग. मागच्या सीटवरून डिकीत गेले. तिथलं बटण सापडलं. टिंग, टिंग, टिंग असा मंजुळ आवाज करत मागचं दार नाटकाचा पडदा उठावा तसं सावकाश वर गेलं. आतून आधी बूट आले आणि मग उताणे ग्रंथपाल.

टाळ्या पुन्हा पडल्या. पहिल्यापेक्षा जास्त.

त्या दिवसापासून हा रोजचा कार्यक्रम झाला. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वाचनालय बंद करून ते यायचे आणि सव्वासहाला डिकीतून प्रकट व्हायचे. गॅलऱ्यांमध्ये माणसं सहाला येऊन उभी राहू लागली. ग्रंथपालांनी यात सुधारणा केल्या नाहीत असं नाही. उताणं येण्याऐवजी पालथं येऊन पाहिलं. एकदा बसून घसरत आले, तेव्हा बरं वाटलं, पण पँटची शिवण गेली. शेवटी उतरता उतरता काखेत एखादा जाड ग्रंथ धरायचा, म्हणजे आपण ग्रंथ काढायला आत गेलो होतो असं दिसेल, असा तोडगा त्यांनी काढला. तो कुणाला पटला नाही.

सल्ल्यांना तोटा नव्हता. तिसऱ्या मजल्यावरचे विमेवाले म्हणाले, "काका, वजन कमी करा. चार बोटांतून माणूस निघतो, मी स्वतः पाहिलंय." मेव्हणे फोनवर म्हणाले, "भावोजी, तुम्ही खाली उतरून बटण दाबायचं, गाडी आपली आपण जागेवर जाते!" ग्रंथपालांनी माहितीपुस्तकात शोधलं. अशी सोय होती. वरच्या मॉडेलमध्ये. कॅप्टनांनी सल्ला दिला नाही. ते नुसते म्हणाले, "जहाजात वरूनच उतरतात. त्यात कमीपणा काही नाही." ग्रंथपालांनी त्यांना हळूच विचारलं, की तुमची गाडी थोडी पलीकडे घेता आली तर? कॅप्टनांनी ताडपत्रीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ती आहे तिथे बरी आहे." विषय संपला. बायको होती तोवर कॅप्टन तिला त्याच गाडीतून फिरायला नेत असत, हे ग्रंथपालांना नंतर घरी कळलं, आणि आपण विचारायला नको होतं असं वाटलं.

मग अर्ज. इमारतीचे सेक्रेटरी टपालखात्यातून निवृत्त झाले होते, पण टपालखातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. पार्किंगची जागा बदलून मिळावी असा अर्ज त्यांनी दोनदा वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"वाहनाचा प्रकार लिहिला नाहीत."

"लिहिलाय. कॉम्पॅक्ट एसयूव्ही."

"तेच म्हणतोय. आपल्या नियमावलीत दोन प्रकार आहेत, लहान आणि मोठं. कॉम्पॅक्ट म्हणजे लहान. एसयूव्ही म्हणजे मोठी. तुम्ही आधी ठरवा."

"दोन्ही आहे. बाहेरून लहान, आतून मोठी."

"आम्ही पार्किंग बाहेरून देतो," सेक्रेटरी म्हणाले. "लहान असेल तर आहे ती जागा पुरेशी आहे, अर्ज नामंजूर. मोठी असेल तर सात नंबर लहान वाहनासाठी आहे, तिथे गाडी लावलीत म्हणून नोटीस काढावी लागेल. काय लिहू?"

ग्रंथपालांनी सव्वीस वर्षांत वर्गीकरणाचे अनेक पेच सोडवले होते. स्वयंपाकाचं पुस्तक आरोग्यात घालायचं की कलेत, यावर त्यांनी परिसंवादात निबंध वाचला होता. पण इथे त्यांनी अर्ज परत घेऊन मागची बाजूही पाहिली. सेक्रेटरींनी कंपनीकडून प्रकाराचं पत्र आणायला सांगितलं, शिवाय बाजूच्या जागेच्या मालकाचं संमतीपत्र, तीन प्रतींत.

शोरूममधल्या सल्लागार बाई फार गोड बोलत. त्यांनी पत्र लगेच दिलं. त्यात गाडीचा प्रकार 'प्रीमियम' असा लिहिला होता. सेक्रेटरींनी ते फायलीला लावलं आणि म्हणाले, "याचा रकाना नाही."

सल्लागार बाईंकडे ग्रंथपाल आणखी एका कामाला गेले होते. गाडी बोलत होती. बोलत म्हणजे, जागेत शिरताना समोर भिंत आहे म्हणून बीप, उजवीकडे खांब आहे म्हणून बीप, डावीकडे कॅप्टन आहेत म्हणून बीप. वाचनालयातला पंखा कुरकुरला तरी तो बंद करून घामाघूम बसणाऱ्या माणसाला हे सहन होणं शक्य नव्हतं.

"सर, ही तक्रार नाहीये. ही सोय आहे," बाई म्हणाल्या.

"ती सोय कमी करता येईल का?"

"बंद नाही करता येत सर, पण आवाज बदलता येतो. बीप आहे, घंटा आहे आणि पक्षी आहेत."

ग्रंथपालांनी विचार करून पक्षी घेतले. त्या संध्याकाळपासून पार्किंगमध्ये सव्वासहाला किलबिलाट होऊ लागला. वर गॅलरीत आई म्हणाल्या, "यंदा पाखरं फार झाली बाई."

"आणि अजून एक," ग्रंथपाल बाईंना म्हणाले होते. आवाज त्यांनी खाली आणला होता. "ती मला सारखी विचारते, थकलात का. कपाचं चित्र दाखवते. मी सकाळी नऊला निघतो हो. थकेन कशाने?"

बाईंनी त्यांना गाडीत बसवून पाहिलं. समोरचा छोटा कॅमेरा चालकाचे डोळे बघतो आणि पापण्या मिटायला लागल्या की सूचना देतो, असं त्या म्हणाल्या. ग्रंथपालांच्या पापण्या जन्मापासूनच अर्ध्यावर होत्या. बाईंनी एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा पापण्यांकडे. मग म्हणाल्या, "ही पण सोयच आहे सर."

घरी हे सांगितल्यावर बायकोला हसू आवरेना. "गाडीला आठ दिवसांत कळलं," ती म्हणाली. "मला कळायला वर्ष लागलं होतं, की हा माणूस झोपलेला नाही, ऐकतोय."

असे तीन आठवडे गेले. ज्यांच्यासाठी गाडी घेतली त्या आई अजून तिच्यात बसल्या नव्हत्या. बसायचं म्हटलं की त्या म्हणत, "घाई काय आहे? मला कुठे जायचंय?" हे वाक्य त्या सहा महिने म्हणत होत्या. आधी बागेतल्या बायकांकडे जाणं थांबलं, मग वाण्याकडे, मग लिफ्टपर्यंत. ग्रंथपालांना ते दिसत होतं, पण आपल्या अभ्यासाची वही पूर्ण झाली, गाडी आली, आता सगळं ठीक होईल, असं ते स्वतःला सांगत होते.

डॉक्टरांची वेळ मंगळवारी अकराची होती. ग्रंथपालांनी अर्धी रजा घेतली आणि गाडी गेटपाशी आणून ठेवली. बायकोने आईंना लिफ्टने खाली आणलं. आई गाडीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी वरपर्यंत पाहिलं.

"अरे, मला डॉक्टरकडे जायचंय. गच्चीवर नाही."

जुनी गाडी बसकी होती. ही उंच होती. सीटची उंची वहीत होती, आईंचं पाऊल किती उचलतं ते नव्हतं. शेवटी बायकोने वर जाऊन स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. स्टुलावर एक पाय, गाडीत दुसरा, मागून सूनबाईचा आधार आणि गॅलरीतून कॅप्टनांच्या सूचना, अशा तऱ्हेने आई आत गेल्या. आत गेल्यावर मात्र ऐटीत बसल्या. गाडी निघाली. गाडीने कपाचं चित्र दाखवलं. ग्रंथपालांनी दुर्लक्ष केलं.

दवाखान्याच्या पोर्चमध्ये गाडी थांबली, दार पूर्ण उघडलं. ते पूर्ण उघडलेलं दार पाहून ग्रंथपालांना गहिवरून आलं. मग तिघांनाही एकदम आठवलं, की स्टूल गेटपाशीच राहिलं.

"मी उडी मारू का?" आईंनी विचारलं.

ग्रंथपाल आत धावले. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "पेशंट हजर असल्याशिवाय नाव लागत नाही."

"हजर आहेत. गाडीत आहेत."

"गाडी हजर असून चालत नाही."

"अहो, पण त्या उतरू शकत नाहीत."

"मग घरी तपासणी लिहावी लागेल."

"घरी नाहीत त्या. तुमच्या दारात आहेत."

"दारात असं काही आमच्याकडे नाही," बाई म्हणाल्या. सेक्रेटरींची आणि यांची काही नातेवाईकी आहे का, अशी शंका ग्रंथपालांना चाटून गेली. एवढ्यात मागे आणखी एक गाडी येऊन थांबली आणि ग्रंथपालांच्या गाडीतले सगळे पक्षी एकदम ओरडायला लागले. तो गोंगाट ऐकून डॉक्टर स्वतःच बाहेर आल्या.

गाडीत वेगळंच घडत होतं. पक्षी बंद करायला म्हणून बायकोने दिसतील ती बटणं दाबली होती. त्यातलं एक लागू पडलं, पण पक्ष्यांना नाही. आईंच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हळूहळू सैल झाल्या.

"सूनबाई," त्या कुजबुजल्या, "खालून कुणीतरी शेकतंय."

"अगंबाई! थांबा, बंद करते."

"हात लावशील तर बघ."

सीट गरम होते ही गोष्ट वहीच्या एकोणिसाव्या पानावर होती. ग्रंथपालांनी तिच्यापुढे 'अनावश्यक' असं लिहिलं होतं.

डॉक्टरांनी पोर्चच्या पायरीवर बसूनच आईंचा गुडघा तपासला. वाकवला, सरळ केला, दाबून पाहिला.

"दुखतंय?"

"आत्ता नाही," आई म्हणाल्या. "आत्ता काहीच दुखत नाही."

"चालता किती रोज?"

"चालते की."

"डॉक्टर, चार महिन्यांत आज पहिल्यांदा खाली उतरल्या," बायको म्हणाली.

डॉक्टर उठल्या आणि ग्रंथपालांना थोडं बाजूला घेऊन म्हणाल्या, "गुडघ्यात मोठं काही नाही. वापरच नाही म्हणून आखडलाय. रोज पायरी चढायची, उतरायची. दहा वेळा, मग वीस वेळा. आता सुरू केलं नाही, तर वर्षभरात त्या चालायच्या थांबतील. मग कुठलीही गाडी घेऊन उपयोग नाही."

परतताना ग्रंथपाल गाडी सावकाश चालवत होते. आरशात आई दिसत होत्या. डोळे मिटून, शेक घेत, सुखात. आपण रुंदी मोजत बसलो, एवढंच त्यांच्या मनात घोळत होतं.

घरी स्टुलावर चढा-उतर करायची, हे आईंनी पहिल्याच दिवशी धुडकावून लावलं. "मी काय सर्कशीत आहे?" समजावून झालं, रागावून झालं. ग्रंथपालांनी वाचनालयातून सांधेदुखीवरची चार पुस्तकं आणली. आईंनी ती उशाला घेतली. तिसऱ्या दिवशी मात्र त्या म्हणाल्या, "ती गरम सीट चालू करशील, तर त्या गाडीत चढेन एकवार."

तेव्हा रोज सकाळी साडेआठला ग्रंथपाल गाडी जागेतून काढून गेटपाशी आणू लागले. आत शिरायचं डिकीतून, हे ओघानेच आलं. आई स्टुलावरून चढायच्या, वीस मिनिटं शेक घ्यायच्या, उतरायच्या. मग म्हणायच्या, "अजून एकदा." दोनदाचं चारदा झालं. पाचव्या दिवशी सूनबाईचा हात नुसता शेजारी होता, धरलेला नव्हता. ग्रंथपालांना वाचनालयाला रोज उशीर होऊ लागला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हजेरीपुढे लाल खूण आली. दुधाच्या गाडीने हॉर्न वाजवले, शाळेच्या बसने वाजवले, आणि सूचनाफलकावर कागद लागला: 'प्रवेशद्वारात वाहन उभे करून त्यात बसणे सक्त मना आहे.' खाली सेक्रेटरींची सही. नाव कुणाचं नव्हतं, पण फलकासमोर उभं राहून लोक ग्रंथपालांकडे बघत.

आणि सोमवारी बॅटरी संपली.

गेटच्या बरोबर मध्ये, शेक चालू असताना, गाडीने एकदा कपाचं चित्र दाखवलं आणि डोळे मिटले. इंजिन नाही, किलबिलाट नाही, काही नाही. बाहेर दुधाची गाडी, आत विमेवाल्यांची मोटारसायकल आणि नोकरीवर निघालेली अर्धी इमारत. सगळे गाडीभोवती जमले. आई आत स्वस्थ बसून होत्या.

"ढकला!" विमेवाले म्हणाले.

"ही ढकलायची नसते," ग्रंथपाल म्हणाले. "पुस्तकात लिहिलंय."

"मग पुस्तकाला सांगा सुरू करायला!"

सल्लागार बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, माणूस दुपारपर्यंत येईल, तोवर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडून सुरू करता येते, ती एक सोय आहे. दुसरी गाडी आणायची कुठून? नोकरीवाल्यांच्या गाड्या मागच्या अंगणात, मध्ये ही गर्दी, गेटपर्यंत यायला वाटच नाही. गेटाजवळ दोनच जागा. सात आणि आठ.

सगळे कॅप्टनांकडे बघायला लागले. कॅप्टन ताडपत्रीकडे.

"ती सुरू नाही व्हायची," ग्रंथपाल घाईने म्हणाले. त्यांना ते मागायचंच नव्हतं. "राहू द्या. माणूस येईल."

"कोण म्हणतं नाही व्हायची?" कॅप्टन एकदम म्हणाले. "दर रविवारी सुरू करतो मी ती. पाच मिनिटं. तुम्ही झोपलेले असता."

त्यांनी ताडपत्री काढली, अगदी अंगावरची चादर काढावी तशी. खाली पांढरी गाडी होती, जुनी, पण धुवून पुसून ठेवलेली. किल्ली एकदा फिरवताच ती सुरू झाली. कॅप्टनांनी ती आठ नंबरमधून काढून निळ्या गाडीच्या तोंडाशी आणली, तारा जोडल्या आणि ग्रंथपालांना इशारा केला. निळी गाडी खोकली, थरथरली आणि पक्षी ओरडू लागले. दुधाच्या गाडीनेसुद्धा आनंदाने हॉर्न दिला.

गाडी बाजूला झाली, माणसं पांगली. कॅप्टन आपली गाडी मागे घ्यायला वळले, तेव्हा आईंनी काच खाली केली.

"आता ती कुठे ठेवणार?"

"होती तिथे."

"मग माझं दार कसं उघडणार?"

ग्रंथपाल घाईने पुढे झाले. "आई," ते म्हणाले, "त्यांची जागा आहे ती."

"मी कुठे नाही म्हणतेय? विचारलं." आई कॅप्टनांकडे बघत होत्या. "मला रोज दहा वेळा चढायचंय. डॉक्टरांनी सांगितलंय. गेटात बसू देत नाहीत. तुम्हीच सांगा, कुठे चढू?"

कॅप्टनांनी आरशात रिकाम्या आठ नंबरकडे पाहिलं. मग त्यांनी गाडी मागे न घेता पुढे घेतली, अंगणाला वळसा घातला आणि पाण्याच्या टाकीपलीकडे, कुणालाच नको असलेल्या सोळा नंबरमध्ये नेऊन लावली. तिथे सकाळचं ऊन पडत होतं. उतरून आले, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, "इथे सावलीत इतकी वर्षं उगाच ठेवली. तिला ऊन आवडायचं." ते गाडीबद्दल बोलत नव्हते, हे आईंना समजलं. त्यांनी मान हलवली.

"पण संमतीपत्र!" सेक्रेटरी जिन्यावरून ओरडत आले. "तीन प्रतींत!"

"तुम्ही लिहा, मी सह्या करतो," कॅप्टन म्हणाले. "आणि प्रकाराच्या रकान्यात काय ते तुमचं तुम्ही ठरवा."

त्या संध्याकाळी सव्वासहाला ग्रंथपाल सात नंबरमध्ये आले आणि गाडी रिकाम्या आठकडे हातभर सरकवून लावली. दार पूर्ण उघडलं. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, ताठ मानेने, माणसाने उतरावं तसे उतरले. गॅलऱ्यांमधले लोक निराश होऊन आत गेले. त्या रात्री ते जेवताना दोनदा म्हणाले, "उद्यापासून वेळेवर."

सकाळी नऊला बॅग घेऊन खाली आले, तर गाडीत जागा नव्हती. पुढे आई. चालकाच्या सीटवर कॅप्टन, वर्तमानपत्र उघडून. मागे बागेतल्या दोन बायका, ज्या चार महिने 'एकदा येऊन जाते' असं म्हणत होत्या. चारही सीट गरम.

"अरे, तुला कुठे जायचंय?" आईंनी विचारलं.

"वाचनालयात."

"मग जा ना. चालत दहा मिनिटांवर तर आहे. उशीर करू नकोस, परत लाल खूण येईल."

ग्रंथपाल पायी जाऊ लागले. सुरुवातीला दुखावलेल्या मनाने गेले, मग नुसतेच गेले. आठवड्याभराने पँटचा पट्टा एक भोक आत आला. विमेवाले म्हणाले, "बघा, मी सांगितलं होतं." बॅटरी पुन्हा संपू नये म्हणून कॅप्टन दर वीस मिनिटांनी घड्याळ लावून इंजिन सुरू करत आणि नोंद एका वहीत ठेवत. जहाजावरची सवय. खाली आईंचं चढणं-उतरणं चाले. स्टूल बाजूला पडलं होतं.

गाडी घेऊन तीन महिने झाले, तेव्हा एका सकाळी ग्रंथपाल गेटातून बाहेर पडत असताना फोन वाजला. सल्लागार बाई होत्या.

"सर, मालकांचा अनुभव जाणून घ्यायला फोन केलाय. दोन मिनिटं आहेत? गाडी रोज वापरता ना?"

ग्रंथपालांनी गाडीकडे पाहिलं. आई गाडीतून उतरत होत्या, कॅप्टन आकडे मोजत होते.

"रोज," ते म्हणाले. "पण थांबा, त्यांच्याशीच बोला." आणि परत जाऊन त्यांनी फोन आईंच्या हातात दिला.

आईंनी तो कानाला लावला. "कोण? हो, हो. बसायला फार छान आहे." मग ऐकत राहिल्या. पलीकडून बाई काहीतरी विचारत होत्या. आईंचा चेहरा उजळला. त्यांनी दाराला धरलेला हात सोडला आणि फोनमध्ये जरा मोठ्यानेच म्हणाल्या,

"चालते कशी? अगं, आता मस्त चालते! काल वाण्यापर्यंत गेले नि आले, एकटी!"